पहिल्या पानावरची नावं

दिलीप पागनीस छापलेला कुठलाही कागद हातात आला की आधी पालथा करायचे आणि मागून अंगठा फिरवायचे. अक्षरं कागदात किती रुतली आहेत ते बघायला. लाइटचं बिल असलं तरी.

लग्नाची पत्रिका आली तर नवरा-नवरीची नावं ते सगळ्यात शेवटी वाचायचे. आधी खालची बारीक अक्षरं.

पोह्यांवरची शेव बाजूला काढून ठेवायचे. पोहे संपले की ती कोरडी खायचे. "उज्जैनात राहून शेव भिजवायची म्हणजे पाप," असं म्हणायचे.

स्कूटरला किक मारण्याआधी तिच्या सीटवर दोन थापा मारायचे. आडनाव पागनीस. पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या पागेत घोड्यांचा हिशेब ठेवायचे, असं घरात सांगत आले होते. घोडे गेले, थाप राहिली.

फोन वाजला की उठून उभे राहायचे, मग उचलायचे.

'नाही' कधी म्हणायचे नाहीत. 'बघू' म्हणायचे.

आणि माणसाला हाक मारायचे ती पत्रिकेतल्यासारखी. बायको 'सौ.' पुण्याचा मुलगा, चाळिशी उलटली तरी, 'चि.' मधुरा 'कुमारी'.

"या कुमारी, बसा. अहो सौ., कुमारी आल्यात, चहा टाका."

"मला नाव आहे, काका."

"आहे की. आम्हीच छापलंय. तुमच्या बारशाचं कार्ड आमच्या प्रेसचं."

या सगळ्या सवयी मधुराला पाठ होत्या. त्यातल्या निम्म्यांनी तिचं डोकं फिरायचं. पण सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते एका पानानं. एकाच पानानं. त्यावर दहा ओळी पण नव्हत्या, आणि त्या लिहिण्यात अख्खा उन्हाळा गेला.

देवास गेटच्या बसस्टँडमागे काकांचा छापखाना होता. उज्जैन, देवास, शाजापूर इथल्या मराठी घरांतलं लग्न, मुंज, साठीशांत, काहीही असो, पत्रिका पागनिसांकडे. मग पत्रिका फोनवर यायला लागल्या. त्यात फुलं उमलायची, सनई वाजायची. काकांनी मशीन विकून टाकलं आणि घरी बसले. त्याच सुमारास त्यांच्या आई अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यासाठी आणलेली डोक्याकडून उचलता येणारी कॉट आई गेल्यावर रिकामी झाली. शेजाऱ्यांनी मागितली. ती परत आली तर तिसऱ्यानं मागितली. असं करता करता माधव नगरातल्या मराठी समाजाच्या हॉलमागची पडवी भरून गेली. कॉटा, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, व्हीलचेअरी, वॉटर बेड. भाडं नाही, अनामत नाही. "बरं वाटलं की आणून द्या," एवढंच काका सांगायचे. बरं वाटलं नाही तरी लोक आणून द्यायचेच. तेव्हा काका फिनेलच्या पाण्यानं कॉट पुसायला घ्यायचे.

मधुरा अशीच एक वॉटर बेड परत द्यायला आली होती. तिच्या बाबांसाठी नेला होता तो. काकांनी तो पुसला, घडी केली आणि म्हणाले, "कुमारी, दुसरं टोक धरता का?" तिनं धरलं. तेव्हापासून धरतच राहिली. एम.ए. झालेली, साहित्यात. घरी बसून महाकालच्या आसपासच्या लॉजांसाठी 'घर जैसा आराम, दर्शन के पास' असलं काहीबाही लिहायची. तिला काकांच्या पडवीत बरं वाटायचं. तिथं निदान वस्तूंना नावं होती आणि त्यांचा उपयोग होता.

अलकाकाकूंना हे सगळं आवडायचं नाही, असं त्या म्हणायच्या. "आमच्या घरात माणसं कमी आणि कमोड जास्त. परवा पाहुणे आले तर बसायला खुर्ची कमी पडली. यांनी कोणती आणून दिली विचार."

"धुतलेली होती," काका म्हणाले.

तर ते पान.

पुण्यातली एक संस्था अशा कामांना मदत देते, हे मुलानं, हर्षलनं, फोनवर सांगितलं होतं. गेल्या वर्षी काकांनी कोणाला न विचारता अर्ज केला. पहिलं पान स्वतः बसवलं. वर गणपती. त्याखाली 'श्री महाकालेश्वर प्रसन्न'. कडेनं बेलाच्या पानांची महिरप. मग समाजाचे संस्थापक, प्रत्येकाच्या नावामागे कै. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, महिला मंडळ. मधोमध लाल अक्षरांत 'सस्नेह विनंती'. खाली 'आपले विनीत', आणि पुन्हा नावं. कॉट हा शब्द पानावर कुठंच नव्हता. मदत हाही नव्हता.

महिन्याभरानं उत्तर आलं. 'आपल्या कार्यक्रमास हार्दिक शुभेच्छा. पूर्वनियोजित कामांमुळे उपस्थित राहता येणार नाही, क्षमस्व.'

काकांनी ते मधुराला दाखवलं. ती हसत सुटली. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि थांबली. ते खूश होते.

"बघा, किती अदबीनं लिहिलंय."

"काका, त्यांना वाटलं तुमच्याकडे लग्न आहे."

काकांनी कागद पालथा केला. मागून अंगठा फिरवला. "बघू," म्हणाले.

यंदा मात्र 'बघू' म्हणून भागणार नव्हतं. महाकालचा परिसर नवा झाल्यापासून यात्रेकरूंना गाव पुरत नव्हतं. ज्याच्याकडे जास्तीची खोली त्यानं दारावर होम-स्टेची पाटी लावली होती. त्यात सिंहस्थ जवळ येत होता. समाजाचे अध्यक्ष केदार बक्षी यांनी कार्यकारिणीत ठराव आणला: हॉलमागच्या पडवीत यात्रेकरूंसाठी खोल्या काढायच्या. काकांना दिवाळीपर्यंत मुदत. बाहेरून मदत मिळवली तर हॉलच्या पलीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात या सामानाच्या केंद्रासाठी खोली बांधायला समाजाची हरकत नाही. नाही मिळाली तर सामान इंदूरच्या एका ट्रस्टला देऊन टाकायचं.

"म्हणजे उज्जैनच्या माणसाचं हाड मोडलं की वॉकर आणायला त्यानं इंदूरला जायचं," मधुरा म्हणाली.

"अरे यार मधुरा, आजकल सगळं ऑनलाइन मिळतं," केदार बक्षी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या घरी कोणी कधी पडलं नव्हतं.

संस्थेनं या वर्षी सूचनाच पाठवल्या होत्या. कदाचित काकांसारखे आणखी काही असतील. पहिल्या पानाबद्दल त्यात वेगळा परिच्छेद होता. पान न उलटता वाचणाऱ्याला कळलं पाहिजे: कोण मागतंय, काय मागतंय, कोणासाठी, किती, किती काळासाठी, आणि बोलायचं असेल तर कोणाशी. बस.

आतली पानं मधुरानं आठवड्यात लिहून टाकली. मग ती पहिल्या पानाकडे वळली आणि तिथं तिचीच विद्या आडवी आली. तिनं शीर्षक दिलं: 'उंबरठ्याआतली शुश्रूषा'. तिला ते फार आवडलं होतं.

काकांनी वाचलं. चष्मा काढला. "छान आहे. पण यात कॉट कुठंय?"

"आत आहे. तेवीस पानं आहेत आत."

"तुम्हीच म्हणालात ना, पान उलटायच्या आधी कळलं पाहिजे?"

ती चिडली. मग तिनं दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी दोघांचं एकावर जमलं: 'उज्जैनमध्ये घरी झोपून असलेल्या रुग्णांसाठी विनाशुल्क साहित्य केंद्र: खोली बांधण्यासाठी मदतीची विनंती'. गोड नव्हतं. पण वाचून कोणी शुभेच्छा पाठवल्या नसत्या. मधुराला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी ती आली तर पानावर बेलाची महिरप होती.

"काका!"

"थोडी शोभा."

तिनं महिरप काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी गणपती आला होता. गणपती काढायचा म्हणजे काकूंनाही पसंत नव्हतं, म्हणून तो एका कोपऱ्यात, अगदी बारीक, राहिला. आणि मग नावं यायला लागली. रोज दोन-चार. सल्लागार. मार्गदर्शक. विशेष सहकार्य. शीर्षक वर वर सरकत गणपतीला जाऊन टेकलं.

"ही नावं कशाला?" तिनं विचारलं. "पुण्याच्या माणसाला काय करायचंय उज्जैनच्या निवृत्त उपप्राचार्यांचं?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही पत्रिका छापल्या नाहीत."

"ही पत्रिका नाहीये!"

"नाव कुठं छापलंय याला महत्त्व नसतं, कुमारी. नाव छापलंय याला असतं." काका खुर्चीत सरसावून बसले. मग त्यांनी देवासच्या एका मुंजीची गोष्ट सांगितली. मुलाचे सख्खे काका भांडून वेगळे झालेले. वर्षानुवर्षं बोलणं नाही. पत्रिकेत त्यांचं नाव घालायचं नाही असं ठरलेलं. पागनिसांनी न विचारता घातलं. मुलाचा बाप आरडाओरडा करत देवास गेटला आला. आता छापून झाल्या, पागनीस म्हणाले, बघू. आणि मुंजीच्या दिवशी ते काका सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. पंगतीत पाणी वाढायला. "ज्याचं नाव छापलं तो मांडवात उभा राहतो. राहावंच लागतं त्याला. लोक विचारतात ना, तुमचं नाव वाचलं, तुम्ही दिसला नाहीत."

"म्हणजे तुम्ही यांना मान देऊन नाही राहिलात. कामाला लावून राहिलात."

"मान दिल्याशिवाय कामाला कोण लागतं?"

मधुराला पहिल्यांदाच वाटलं की या वेडात काहीतरी हिशेब आहे. कॉट उचलायला दोन माणसं लागतात. काकांचं वय झालं होतं आणि गुडघे त्याच्याही पुढे गेले होते. ते पानावर नावं लिहीत नव्हते. माणसं गोळा करत होते.

पण मग सुरू झालं ते प्रूफ दाखवणं. छापखान्याची पद्धत अशी की छापण्याआधी ज्याचं नाव त्याला प्रूफ दाखवायचं. काका ते पान घेऊन, खिशात पेन्सिल घालून, स्कूटरला दोन थापा मारून घरोघर निघाले. मागच्या सीटवर मधुरा. उन्हाळा. टॉवर चौकातून जाताना डांबर सँडलला चिकटेल असं ऊन.

उपप्राचार्यांनी 'निवृत्त' खोडलं आणि 'प्रा.' घातलं. महिला मंडळाच्या कल्पनाताई बराच वेळ पान बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझं नाव तिच्या खाली? मी तिच्या आधीची अध्यक्ष आहे." एका डॉक्टरांना पदव्या अपुऱ्या वाटल्या. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःच भर घातली आणि ओळ समासाबाहेर गेली. सगळ्यांनी पन्हं दिलं. सगळ्यांनी विचारलं, किती प्रती काढणार. कॉट कुठं आहेत हे कोणीही विचारलं नाही.

केदार बक्षींनी पान हातात घेतलं तसे ते हसायला लागले. "दिलीपभाऊ, मी दुसऱ्या नंबरवर? चलेगा, चलेगा. पण फोटो नाही टाकला? आणि सिंहस्थाचं काही टाका ना. आजकल सिंहस्थ लिहिल्याशिवाय कोणी पैसा देत नाही."

"केंद्र तर आजाऱ्यांसाठी आहे," मधुरा म्हणाली.

"अगं, सिंहस्थात कोणी आजारी नाही पडणार?"

बाहेर आल्यावर ती काकांवर ओरडली. अक्षरशः रस्त्यात उभी राहून ओरडली. "हे लोक तुमची पडवी काढून घेतायत आणि तुम्ही त्यांच्या फोटोला जागा करताय! मला नाही जमत हे. तुम्हीच बसवा तुमची पत्रिका."

काका स्कूटरजवळ उभे राहिले. ओरडणं संपू दिलं. "रविवारी बघू," म्हणाले.

रविवारी म्हणजे त्यांनी पानावरच्या प्रत्येकाला फोन केला होता. पावसाच्या आधी पडवीतल्या कॉटा हलवून पत्रे दुरुस्त करायचे होते. सकाळी या, पोहे-जिलबी आहे, असा निरोप. प्रत्येकानं 'नक्की' म्हटलं होतं.

रविवारी सकाळी पडवीत काका होते, मधुरा होती, लोडिंग रिक्षावाला विष्णू होता, आणि सगळ्यांना पुरून उरतील एवढे पोहे होते. उपप्राचार्यांकडे अचानक पाहुणे आले होते. डॉक्टरांना इंदूरला जावं लागलं होतं. केदार बक्षी येऊन गेले, पण जिलबी गरम आहे का विचारायला. पत्रे बघून म्हणाले, "हे तर काढायचेच आहेत ना दिवाळीत."

कॉटा हलवता हलवता दुपार झाली. विष्णू मधुराला म्हणाला, "दीदी, इतने नाम लिखवाए अंकल ने, एक बी नी आया?"

"सब रास्ते में हैं," मधुरा म्हणाली.

काकांनी ऐकलं. ते शेव बाजूला काढत होते. त्या दिवशी त्यांनी ती खाल्ली नाही.

त्यानंतर नावं कमी व्हायला लागली. काका रोज एक नाव खोडायचे. पण तसंच खोडायचे नाहीत. आधी त्या माणसाकडे जायचे, समोर बसायचे आणि विचारायचे: "खरं सांगा, महिन्यातून एक दिवस फोन सांभाळाल? एक दिवस." माणूस अडचण सांगायचा. काका चहा संपवायचे, घरी यायचे आणि पेन्सिलीनं रेघ मारायचे. मधुरा ती ओळ कॉम्प्युटरवरून काढायची. संस्थापकांची नावं काढताना तेवढे ते रेंगाळले. "यांचा काही दोष नाही," म्हणाले. "हे असते तर आले असते."

"कै. लोकांना फोन नाही सांभाळता येत," आतून काकू म्हणाल्या. "मी सांभाळत होते की. पण मला ऐकू कमी येतं. परवा एकानं वॉकर मागितला, मी त्याला आमच्या घरचा लोणच्याचा मसाला सांगितला."

पान हळूहळू मधुराला हवं होतं तसं झालं. कोपऱ्यात गणपती. शीर्षक. खाली अर्ज करणाऱ्या केंद्राचं नाव, मग संस्थेचं नाव, मागितलेली रक्कम अंकात आणि अक्षरात, कालावधी, तारीख. भरपूर पांढरी जागा. कुठल्याही पाठ्यपुस्तकात नमुना म्हणून घालावं असं पान. तिनं उन्हाळाभर ज्यासाठी डोकेफोड केली ते हेच. आणि आता ते बघून तिला मुळीच बरं वाटत नव्हतं. माणसं उठून गेल्यावर पंगत दिसते तसं दिसत होतं.

एकच ओळ राहिली. 'संपर्क'.

"तुमचं नाव लिहिते," ती म्हणाली.

"माझं नको."

"का? फोन तुम्हीच उचलता."

"आत्ता उचलतो." त्यांनी सूचनांचा कागद तिच्यापुढे सरकवला. "कालावधी काय लिहिलाय? पाच वर्षं. सूचना वाचा कुमारी. संपर्काचा माणूस पूर्ण काळ असला पाहिजे, असं लिहिलंय त्यात. खोटं कसं छापायचं?"

"काका, तुम्ही न विचारता लोकांच्या काकांना मुंजीला बोलवता. आणि इथं खोटं नको?"

"त्याला मी नंतर भेटलो होतो," काका म्हणाले. "त्या मुंजीतल्या काकाला. बऱ्याच वर्षांनी. म्हणाला, तुम्ही एकदा विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. आलो असतोच. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

असे दिवस गेले. शेवटची तारीख श्रावणातल्या शुक्रवारची होती. मधुरा रोज विचारायची, काका रोज बघू म्हणायचे. पुण्याहून संस्थेच्या श्रुती नावाच्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. बाई गोड बोलायच्या. "बाकी सगळं ठीक आहे. पहिलं पान तेवढं पूर्ण करून पाठवा. आम्ही आधी तिथं लिहिलेल्या माणसाशीच बोलतो. तो माणूस काय बोलतो त्यावर बरंच असतं."

बुधवारी दुपारी काकांनी तिला बोलावून घेतलं. सोमवारच्या महाकालच्या सवारीची, म्हणजे पालखीची, गर्दी ओसरली होती, तरी घाटाकडचे रस्ते अजून बंद होते आणि सगळी वाहनं फ्रीगंजातून हॉर्न वाजवत जात होती. काका कॉम्प्युटरसमोर बसलेले. हे नवीन होतं.

"शेवटची ओळ मी जुळवतो," म्हणाले.

एका बोटानं टाइप करायला लागले. मधुरा मागे उभी. प्रत्येक अक्षर शोधायला वेळ लागत होता आणि तिची बोटं शिवशिवत होती. 'संपर्क' झालं. दोन टिंबं झाली. मग त्यांनी 'कु.' टाइप केलं.

मधुराला कळलं. उज्जैनात 'कु.' पुष्कळ होत्या, पण त्या घरात एकच.

तिला राग आला होता. इंदूरच्या एका कंपनीतून तिला आठवड्याआधी होकार आला होता. पगाराची नोकरी, खोली शेअर करायला मैत्रीण पण मिळाली होती. काकांना सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, तिनं टाळलं होतं. आणि हा माणूस एक एक नाव खोडत, चहा पीत, बघू बघू करत, बरोबर तिच्यापर्यंत येऊन पोचला होता.

तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला. काका उठून उभे राहिले, मग उचलला. नानाखेड्याला कोणाला तरी दवाखान्यातून घरी आणत होते. कॉट आत्ता हवी होती.

"आलो," काका म्हणाले. चपला घातल्या. दारातून वळले. "कुमारी, विष्णूबरोबर ही पोचवून येतो. मग तुम्हाला एक विचारायचंय. विचारल्याशिवाय पुढचं छापणार नाही. तोपर्यंत पानाला हात लावू नका. आणि हा फोन राहू द्या तुमच्याजवळ."

खाली विष्णूची रिक्षा सुरू झाली. काका पुढं त्याच्या शेजारी बसले. बसण्याआधी रिक्षाच्या सीटवर दोन थापा मारल्या. खिडकीतून दिसलं.

मधुरा कॉम्प्युटरसमोर बसली आणि मनातल्या मनात उत्तर तयार करायला लागली. काका, मला नाही जमणार. काका, मी इंदूरला चाललेय. काका, महिन्यातून एक दिवस येईन, पण नाव नको. प्रत्येक वाक्य तिनं वेगवेगळं करून बघितलं. प्रत्येकाचं उत्तर तिला माहीत होतं. बघू, म्हणणार. म्हणजे आणखी राग. ती ठरवत होती की या वेळी 'बघू' ऐकून घ्यायचं नाही. स्पष्ट नाही म्हणायचं. एम.ए. केलंय, एवढं तरी जमलं पाहिजे.

काकूंनी चहा आणून ठेवला. "गेले? चहा टाकायला सांगतात आणि पळतात."

फोन सारखा वाजत होता. एकाला वॉटर बेड हवा होता, एकाला कमोडची खुर्ची, एकाला केंद्राचा पत्ता कळत नव्हता. ती चिडून उत्तरं देत होती. पुन्हा वाजला. तिनं उचलला आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भैया, कॉट आज नहीं है. जो थी वो गई. कल फोन करना."

"मैडम," पलीकडचा म्हणाला. "मैं देवास गेट से बोल रहा हूँ, हार्डवेयर की दुकान से. यहाँ एक अंकल बैठे थे, पलंग के पहिये लेने आए थे. पानी माँगा उन्होंने. उनके साथ रिक्शेवाला है, वो रो रहा है, उसी ने ये नंबर दिया."

तिला वाक्याचा शेवट कळला होता. तरी तिनं विचारलं, "फिर?"

"गिलास हाथ में ही रह गया, मैडम."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. "कोण होतं?" त्यांनी विचारलं. "वॉकर हवाय का?"

तेराव्याचा निरोप फोनवरच गेला. हर्षलनं पुण्याहून येऊन केला तो. काळी चौकट, फोटो, पार्श्वभूमीला महाकालचं शिखर. पालथा करून अंगठा फिरवता येईल असं काही नव्हतं. त्यावर शोकाकुल म्हणून पुष्कळ नावं होती. समाजाची अख्खी कार्यकारिणी. तेराव्याला सगळे आले. मधुरानं मोजलं नाही, पण खोडलेलं एकही नाव चुकलं नव्हतं. उपप्राचार्य तर सकाळीच आले आणि पाणी वाढायला उभे राहिले. ते बघून ती मागच्या बाजूला गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. कोणाला तरी ओरडावंसं वाटत होतं, आणि ज्यांना ओरडायचं तेच नव्हते.

केदार बक्षी तिथं आले. त्यांचे डोळे लाल होते, खरंच. "मधुरा, ते पुण्याचं पाठवून दे ना बेटा. दिलीपभाऊंची इच्छा होती. संपर्कात माझं नाव टाकून दे. काय फरक पडतो?"

"फोन तुम्ही उचलणार?"

"नंबर तर तू तुझाच दे ना. मला कुठे सवय आहे."

मधुरा म्हणाली, "बघू."

श्रुतीबाईंनी तेराव्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत मुदत वाढवून दिली. काकांबद्दल मधुरानं फोनवर सांगितलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे त्यांचं जुनं पत्र आहे. ते बेलाच्या पानांचं. कोणीतरी जपून ठेवलंय. पण या वेळी ती ओळ रिकामी ठेवू नका."

हर्षल काकूंना पुण्याला नेणार आहे, गणपतीनंतर. काकू म्हणतात, बघते. कॉम्प्युटर अजून बाहेरच्या खोलीत आहे. केंद्राचा फोन मधुराच्या पिशवीत असतो. इंदूरच्या कंपनीनं एक तारखेला हजर व्हायला सांगितलंय आणि तिनं त्यांना अजून काही कळवलेलं नाही. विष्णू रोज विचारून जातो, दीदी, आज कहाँ जाना है.

काकांनी सांगितलं होतं, पानाला हात लावू नका. तिनं लावलेला नाही. कोपऱ्यात बारीक गणपती. मध्ये शीर्षक. भरपूर पांढरी जागा. सगळ्यात खाली:

संपर्क : कु.